यंत्रे पाठवलीत, आता शिकवणारेही पाठवा

प्रति,
शाळांसाठी ग्रंथालयाची साधने मंजूर करणाऱ्या आणि शिक्षकांची प्रशिक्षणे आखणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास मी सातवीच्या वर्गावर होते, तेव्हा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप गटावर एक लिंक आली. पाच वाजेपर्यंत भरायची होती. त्यात एक प्रश्न होता, 'ग्रंथालय संगणकीकृत आहे का?' उत्तर होय किंवा नाही. मी 'होय' केले. शाळेत संगणक आहे, बारकोडचा स्कॅनर आहे, लेबले छापायचा छोटा प्रिंटर आहे आणि पुस्तकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअरही आहे. कागदावर उत्तर बरोबरच होते. पण त्याच दिवशी मुलांनी घरी नेलेली सव्वीस पुस्तके मी शंभर पानी वहीत पेनाने लिहून घेतली होती. ती वही पर्समध्ये ठेवताना मला स्वतःची लाज वाटली, आणि रात्रभर तो 'होय' डोक्यातून गेला नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत अठरा वर्षे शिकवते आहे. पहिली ते सातवीची शाळा, पटावर १४८ मुले. मराठी आणि सामाजिक शास्त्रे हे माझे विषय आणि ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे. आमच्यासारख्या शाळांना ग्रंथपालाचे पद नसते, ज्या शिक्षकाकडे चार्ज तोच ग्रंथपाल. दाखल नोंदवहीत १,३८६ पुस्तके आहेत. दोन लोखंडी कपाटे शाळेची, तिसरे काचेचे गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेले. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात हातात घेतलेले पहिले गोष्टीचे पुस्तक या तीन कपाटांतलेच असते. घरी दुसरे पुस्तक नसते. त्यामुळे या कपाटांचे काय होते, हा माझ्यासाठी कार्यालयीन कामाचा विषय नाही.

साहित्य दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आले. गाडीवाल्याने खोकी व्हरांड्यात उतरवली आणि पोच घेतली. दोन दिवसांनी पुरवठादाराकडचा एक तरुण आला. त्याला त्याच दिवशी आणखी पाच शाळा उरकायच्या होत्या. त्याने चाळीस मिनिटांत सॉफ्टवेअर बसवले, नमुन्यादाखल तीन इंग्रजी पुस्तकांची नोंद करून दाखवली, स्कॅनरचा आवाज झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात ऑनलाइन प्रशिक्षण झाले. दोन तास, एका वेळी शेकडो शिक्षक, आमचे माइक बंद, पडद्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत. शेवटी एक लिंक भरली की प्रमाणपत्र. ते माझ्या फायलीत आहे आणि मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगते, त्या प्रमाणपत्राच्या दिवशी मला या सॉफ्टवेअरमध्ये एक मराठी पुस्तक नीट दाखल करता येत नव्हते.

तरी बसले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी दोन-तीन तास. प्रत्येक पुस्तकाला लेबल लावायचे, त्यावर इंग्रजी 'एल' हे मोठे अक्षर आणि पुढे पाच अंक. पुस्तकाचे नाव मराठीत टाइप करायचे, मग लेबल स्कॅन करायचे. पहिल्याच पुस्तकाला पडद्यावर 'एल'च्या जागी 'थ' उमटला. दुसऱ्यालाही 'थ'. पुस्तक देण्याच्या पानावर गेले तर 'असा क्रमांक नाही'. मी लेबल बदलले, स्कॅनरची वायर काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून चालू केला. थ, थ, थ. पुरवठादाराला फोन केला, त्यांनी यंत्र पाठवून द्या म्हणून सांगितले. मी एसटीच्या पार्सलने पाठवले. दोन महिन्यांनी ते 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत आले, आणि पुन्हा 'थ'.

दिवाळीनंतर एका लग्नात तालुक्याच्या हायस्कुलातल्या अर्धवेळ ग्रंथपाल बाई भेटल्या. मी त्यांना सहज सांगितले. त्या लगेच म्हणाल्या, "बाई, तुम्ही कीबोर्ड मराठीवर ठेवूनच स्कॅन करत असणार." तेच होते. संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे आणखी एक कीबोर्ड. लेबलावर 'एल' दिसला की तो 'एल'ची कळ दाबल्याचा निरोप देतो. आपला इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड चालू असेल तर मोठ्या 'एल'च्या कळीवर 'थ' बसलेला असतो, म्हणून 'थ' येतो. स्कॅन करण्याआधी भाषा इंग्रजीवर न्यायची, काम झाले. यंत्रात दोष नव्हता, माझ्यातही नव्हता. मराठी शाळेत हा स्कॅनर वापरायचा तर पहिल्या दिवशी सांगायची ही पहिली गोष्ट होती, आणि ती सांगणारे कोणी नव्हते. अर्धे वर्ष गेले. त्या अर्ध्या वर्षात माझ्या केंद्रातल्या दोन शाळांनी स्कॅनर खोक्यात घालून कपाटात ठेवून दिला. त्यांनाही 'थ'च दिसत होता.

हे एवढे लांबवून सांगितले कारण अशा अडचणी वरून दिसत नाहीत. आपल्याकडे पोहोचतो तो आकडा किती शाळांना साहित्य दिले आणि किती शिक्षकांना प्रमाणपत्र मिळाले याचा.

आता माझ्या तक्रारी. त्या कोणा एका माणसाविरुद्ध नाहीत.

पहिली तक्रार प्रशिक्षणाच्या पद्धतीची. ऑनलाइन शिकण्याला माझा विरोध नाही. शिक्षकांसाठीच्या 'निष्ठा' या सरकारी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम मी पूर्ण केले आहेत, 'दीक्षा' हे अभ्यासाचे ॲप रोज वापरते, त्यातून शिकलेही आहे. पण पुस्तके दाखल करणे हे हाताचे काम आहे, भाकरी थापण्यासारखे. शेजारी कोणी बसून 'आता पाणी कमी लाव' असे सांगावे लागते. दोन तासांच्या व्याख्यानाने ते येत नाही, आणि एकदा शिकवून सोडून दिल्यानेही येत नाही. अडचणी पहिल्या दिवशी येत नाहीत. त्या तिसऱ्या आठवड्यात येतात, जेव्हा आपण एकटे असतो.

दुसरी तक्रार भाषेची, आणि मला ती सर्वांत जास्त लागते. आमची पुस्तके मराठी आहेत. माझ्या आधीच्या गुरुजींनी मोठ्या कष्टाने नऊशे पुस्तकांची यादी संगणकावर टाइप करून ठेवली होती, पण जुन्या शिवाजी फाँटमध्ये. ती सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची नुसती रांगोळी. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट दिसेल अशा मराठीत, बदलता येतो, त्यासाठी साधने मिळतात, हे मला कळले तोवर मी चारशेच्या वर नोंदी हाताने पुन्हा टाइप केल्या होत्या. लेखकाच्या नावाचेही तसेच. एका पुस्तकाला मी 'साने गुरुजी' लिहिले, दुसऱ्याला मुखपृष्ठावर होते म्हणून 'साने पां. स.', तिसऱ्याला 'पांडुरंग सदाशिव साने'. आपल्याला तिन्ही एकच, संगणकाला तीन माणसे. सहावीतल्या मुलीने 'साने गुरुजी' टाइप केले तर तिला आमच्याकडच्या अकरा पुस्तकांपैकी चारच दिसली. ती म्हणाली, "बाई, कपाटात तर खूप आहेत." ग्रंथालयशास्त्रात यासाठी नियम आहेत. लेखकाचे एक रूप ठरवायचे आणि सगळीकडे तेच वापरायचे. ग्रंथपालांना ते शिकवतात. काम आमच्याकडे दिले तेव्हा तो एक नियमही आमच्याकडे द्यायला हवा होता.

ज्यांच्या नावाने आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा करतो ते डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांना हे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला पाठवण्यात आले. शिक्षकाला ग्रंथालय सांभाळायला द्यायचे तर आधी शिकवावे लागते, हे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी सहा दिवसांचे प्रशिक्षण मागतो आहोत.

तिसरी गोष्ट पासवर्डची. सॉफ्टवेअरचे लॉगिन आमच्या एका सहकाऱ्याच्या नावाने आणि त्यांच्याच मोबाइलवर काढले गेले होते. त्यांची ऑनलाइन बदली झाली, दीडशे किलोमीटर लांब. त्यांनी तो नंबरही बदलला. पुरवठादाराशी झालेला देखभालीचा करार तोवर संपला होता. माझ्या ४१२ नोंदी त्या संगणकात आहेत, मला त्या दिसतात, पण नवीन भरता येत नाहीत आणि काढूनही घेता येत नाहीत. म्हणून मी पुन्हा शंभर पानी वहीवर आले. बदल्या दरवर्षी होतात. लॉगिन शाळेच्या नावाने असावे, नोंदींची प्रत दर महिन्याला काढून ठेवावी आणि ती कशी काढायची हे निदान दोघांना येत असावे, एवढे कोणी सांगितले असते तर ते शनिवार वाया गेले नसते.

चौथी गोष्ट कोणत्याच प्रशिक्षणात निघत नाही, कारण ती तंत्राची नाही, भीतीची आहे. स्कॅनर, प्रिंटर, टॅब डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतात. चार्ज असलेल्या शिक्षकाला वाटते की वस्तू मोडली, पुस्तक हरवले तर वसुली आपल्याकडून. मग सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे कुलूप लावलेले कपाट. मी अशी ग्रंथालये पाहिली आहेत जिथे एकही पुस्तक हरवलेले नाही, कारण एकही बाहेर गेलेले नाही. संगणकामुळे ही भीती कमी न होता वाढते. वहीत एखादे पुस्तक मागेपुढे झाले तर चालून जाते, पडद्यावर मात्र लाल अक्षरांत 'परत आले नाही' असे रोज दिसते आणि ते कोणीही पाहू शकते. एक सहकारी मला म्हणाल्या, "यात भरलं की अडकलो." मुलांच्या हातात पुस्तक गेले की काही फाटणार, काही हरवणार. पावसात भिजेल, धाकटा भाऊ पान फाडेल. याला मान्यता देणारा स्पष्ट आदेश शिक्षकाच्या हातात नसेल तर कितीही चांगले प्रशिक्षण घ्या, कुलूप निघणार नाही.

आणखी एक. मध्यंतरी एका वाचन ॲपसाठी मुलांची नावे, जन्मतारखा आणि आईचा मोबाइल नंबर भरायला सांगितले गेले. भरायचे की नाही, पालकांना विचारायचे की नाही, कोणालाच माहीत नव्हते. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शिक्षकांना हे कोण सांगणार?

मी हे सगळे नकारातून लिहीत नाही. या साधनांनी काय होऊ शकते हे मी पाहिले आहे.

आमच्या गावातली बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत जातात. मागच्या हंगामात पाचवीतला एक मुलगा गेला तेव्हा मी त्याला दोन पुस्तके दिली. पंधरा दिवसांत त्याचा वडिलांच्या फोनवरून फोन आला, "बाई, दोन्ही झाली." त्याच ग्रंथपाल बाईंनी मला 'स्टोरीवीव्हर'वरून मराठी गोष्टी कशा उतरवून घ्यायच्या ते दाखवले होते. त्या मुक्त परवान्याच्या असतात, नाव देऊन कोणालाही पाठवता येतात. मी दर रविवारी त्याला एक गोष्ट पाठवू लागले. कोपीसमोर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीसमोर, बसून तो ती मोठ्याने वाचायचा आणि टोळीतली आणखी चार-पाच मुले भोवती जमायची. त्याच्या वडिलांनी एकदा त्याचे रेकॉर्डिंग पाठवले. मागे बैलांच्या घंटा वाजत होत्या. मार्चमध्ये तो परत आला तेव्हा त्याचे वाचन सुटलेले नव्हते. हे मला येत होते ते एका भल्या बाईंनी लग्नाच्या मांडवात आणि नंतर फोनवर शिकवले म्हणून. राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. सगळे मोफत आहे. आमच्या केंद्रातल्या किती शिक्षकांनी ते उघडून पाहिले आहे, हे मी शिक्षण परिषदेत विचारले. तीन हात वर आले.

आपल्याकडे कायदा आहे, धोरण आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. त्यातले काही तास या कामाला द्या, एवढीच माझी विनंती आहे. माझ्या मागण्या अशा:

१. कोणतेही ग्रंथालय साहित्य शाळेत पाठवण्याआधी त्या शाळेच्या दोन शिक्षकांचे आणि मुख्याध्यापकांचे समोरासमोर प्रशिक्षण व्हावे. एकूण सहा दिवस, पण सलग नकोत. आधी दोन, महिनाभर काम केल्यावर दोन, आणि उरलेले दोन सत्राच्या शेवटी. प्रत्येकाने स्वतःच्या शाळेची पन्नास मराठी पुस्तके सोबत आणावीत आणि तीच दाखल करून परत न्यावीत.

२. मराठीत हस्तपुस्तिका द्या. कीबोर्ड बदलणे, जुन्या फाँटमधून युनिकोड करणे, लेखकांच्या नावांची ठरलेली रूपे, विषयवार वर्गीकरण, नोंदींची प्रत काढणे, हे सगळे चित्रांसह त्यात असावे.

३. तालुक्यागणिक एक माणूस नेमा ज्याला आम्ही फोन करू शकू आणि जो महिन्यातून एकदा शाळेत येईल. असे लोक आपल्याकडेच आहेत. हायस्कुलांतले पूर्णवेळ आणि अर्धवेळ ग्रंथपाल आहेत, गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतले कर्मचारी आहेत. त्यांना योग्य मानधन आणि प्रवासभत्ता द्या. अर्धवेळ ग्रंथपालांना आधीच तुटपुंजे मिळते, त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेऊ नका.

४. सॉफ्टवेअर शाळेच्या मालकीचे राहील असे निवडा. 'कोहा' हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर २००० सालापासून सर्वांसाठी खुले आहे. ते न्यूझीलंडमध्ये तयार झाले आणि माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. एनआयसी या आपल्या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे 'ई-ग्रंथालय' आहे. दुसरे काही घ्यायचे असेल तर सर्व नोंदी केव्हाही काढून घेता येतील आणि लॉगिन शाळेच्या नावाने असेल, ही अट करारात घाला. लेबलांचे रोल आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षी रक्कम द्या. आमच्याकडचा रोल संपला तेव्हा मी पदरचे पैसे घालून आणला. सगळ्यांना ते जमणार नाही.

५. मुलांच्या वापरात फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची ठराविक टक्केवारी दरवर्षी विनावसुली निर्लेखित करता येईल, म्हणजे नोंदीतून कमी करता येईल, असा लेखी आदेश काढा आणि तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी वाचून दाखवा.

६. ग्रंथालयाचा चार्ज असलेल्या शिक्षकाला आठवड्यात किमान तीन तासिका या कामासाठी वेळापत्रकात द्या. शनिवारच्या दुपारी हे काम होते आहे, त्या दुपारी आमच्या घरच्यांच्याही आहेत.

७. मुलांची कोणती माहिती घ्यायची, कोणती नाही, संमती कशी घ्यायची याचा एक पानी मराठी नमुना द्या.

८. प्रशिक्षण यशस्वी झाले की नाही हे प्रमाणपत्रांवरून ठरवू नका. तीन महिन्यांनी या आणि बघा, मुलांच्या घरी किती पुस्तके गेली आहेत.

यातल्या पाचव्या मागणीला आणि हस्तपुस्तिकेला फारसा खर्च नाही. ती दोन कामे येत्या जूनच्या आत होऊ शकतात. बाकीच्यांना वेळ लागेल हे मी समजू शकते, पण नवीन साहित्याची पुढची खरेदी पहिली मागणी पूर्ण होईपर्यंत थांबवावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आमच्या केंद्रात दोन स्कॅनर अजून खोक्यात आहेत. त्या दोन्ही शाळांत जाऊन मी कीबोर्डची गोष्ट दाखवून येणार आहे, पुढच्या शनिवारी.

लिंकवरचे माझे उत्तर बदलून 'नाही' करावे, असे पत्र मी केंद्रप्रमुखांना दिले आहे. त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या फायलीत आहे.

आमच्या शाळेत ग्रंथालयाची तासिका गुरुवारी शेवटची असते, साडेतीन ते सव्वाचार. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा यावे. वही आणि स्कॅनर दोन्ही टेबलावर असतील, आणि मुले रांगेत.

आपली विश्वासू,
ग्रंथालयाचा चार्ज असलेली एक जिल्हा परिषद शिक्षिका